यूएसबी हार्ड डिस्क टिकटिकते तेव्हा: बूस्ट मॉड्यूल कुठे लावायचं आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉप एका टेबलावर, अडीच इंची यूएसबी हार्ड डिस्क दुसऱ्या टोकाला, मध्ये तीन मीटरची यूएसबी २.० एक्स्टेंशन केबल. डिस्क थेट लॅपटॉपला लावली तर व्यवस्थित चालते. केबलमधून लावली की टिक-टिक करते, क्षणभर दिसते आणि गायब होते. ऑनलाइन मिळणारं एमटी ३६०८ चं छोटं बूस्ट मॉड्यूल (कमी व्होल्टेज वाढवून देणारं तयार सर्किट) केबलच्या डिस्ककडच्या टोकाला बसवून व्होल्टेज पुन्हा पाचवर आणता येईल का? आणि लाइट गेली तरी डिस्क बंद पडू नये असं काही करता येईल का?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं हो, आणि तिथे हेच मॉड्यूल कामाला येतं. फक्त त्याची जागा वेगळी.

"नाही" का, ते आधी आकड्यांत बघा, कारण निम्मे लोक इथेच पैसे घालवतात. स्वस्त एक्स्टेंशन केबलमधल्या पॉवरच्या वायरी बहुतेक वेळा २८ गेजच्या असतात (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी वायर बारीक). २८ गेजच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. करंट लाल वायरीतून जातो आणि काळ्या वायरीतून परत येतो, म्हणजे तीन मीटरच्या केबलमध्ये सहा मीटर वायर: १.२८ ओहम. कनेक्टरचे चार संपर्क धरून एकूण १.४ ओहम समजा. डिस्क स्थिर फिरत असताना अर्धा अँपिअर घेते, तेव्हा केबलमध्ये ०.७ व्होल्ट जातात आणि डिस्कला ४.३ मिळतात. पण थांबलेली प्लेट फिरवायला सुरुवात करताना सेकंद-दोन सेकंद डिस्कला १ अँपिअरच्या आसपास लागतो. तेव्हा डिस्कपाशी उरतात ३.६ व्होल्ट. डिस्कच्या आतलं सर्किट रीसेट होतं, हेड (प्लेटवर डेटा वाचणारं-लिहिणारं टोक) घाईघाईने पार्क होतं, म्हणजे प्लेटवरून बाजूला सरतं, करंट कमी होतो, व्होल्टेज वर येतं, डिस्क पुन्हा प्रयत्न करते. ही टिक-टिक म्हणजे तेच चक्र. ती ऐकत बसू नका, लगेच केबल काढा. अशा अचानक पार्किंगने हेड झिजतं.

आता त्या टोकाला बूस्ट मॉड्यूल बसवलं तर काय होईल? बूस्ट पॉवर निर्माण करत नाही. व्होल्टेज वाढवतं, त्या बदल्यात मागून जास्त करंट ओढतं. डिस्कला सुरुवातीला ५ वॅट हवेत, मॉड्यूलची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर मॉड्यूलला साडेपाच वॅट हवेत. ५ व्होल्टचा सप्लाय आणि मध्ये १.४ ओहम, अशा जोडणीतून पलीकडे जास्तीत जास्त किती पॉवर पोहोचू शकते, तर व्होल्टेजचा वर्ग भागिले चौपट रोध: २५ भागिले ५.६, म्हणजे साडेचार वॅटही पुरते नाहीत. हवे साडेपाच, येऊ शकतात साडेचार. मॉड्यूल व्होल्टेज पडलं म्हणून जास्त करंट ओढतं, जास्त करंटमुळे व्होल्टेज आणखी पडतं, आणि सगळं एका झटक्यात कोसळतं. डिस्क एकदा फिरायला लागली असं मानलं तरी अडीच वॅटसाठी पोर्टमधून ०.६९ अँपिअर ओढले जातील. यूएसबी २.० पोर्टची नियमातली मर्यादा ०.५ अँपिअर आहे, ३.० ची ०.९. लॅपटॉपची पोर्टं सहसा थोडं जास्त सोसतात म्हणून डिस्क थेट लावल्यावर चालते, पण त्या उदारपणावर सर्किट उभं करू नये.

दोन पोर्टांत घुसणारी वाय-केबल हा दुसरा लोकप्रिय उपाय. यूएसबीच्या नियमांत ती बसत नाही, आणि दोन पोर्टं एकमेकांना समांतर जोडली जातात हे त्यामागचं खरं दुखणं. तिसरा उपाय केबल बदलण्याचा, आणि तो खरोखर करून पाहावा. केबलवर बारीक अक्षरांत गेज छापलेला असतो. "२८ एडब्ल्यूजी/१पी + २४ एडब्ल्यूजी/२सी" असं असेल तर डेटाची जोडी २८ ची आणि पॉवरच्या दोन वायरी २४ च्या. मग तीन मीटरला संपर्क धरून ०.६ ओहमच्या आसपास रोध येतो. डिस्क सुरू होण्याच्या क्षणी ४.४ व्होल्ट. काही डिस्क यावर उठतात, काही नाहीत. छपाईवर मात्र आंधळा विश्वास नको. वायर थोडी सोलून ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे आणि रोध दीडपटीहून जास्त. चुंबकाला चिकटली तर लोखंड. ती केबल सुतळी म्हणून वापरा.

पक्का उपाय एकच: डिस्कला लागणारे ५ व्होल्ट डिस्कजवळच दुसऱ्या सप्लायमधून द्यायचे, आणि लॅपटॉपकडून फक्त डेटा व "आता चालू हो" एवढा इशारा घ्यायचा. यात आणखी एक फायदा आहे, जो सहसा कोणी सांगत नाही. केबलमधल्या घटीतला अर्धा भाग काळ्या वायरीत होतो. म्हणजे १ अँपिअर वाहताना डिस्कचा ग्राउंड लॅपटॉपच्या ग्राउंडपेक्षा ०.७ व्होल्टने वर उचलला जातो, आणि डेटाचे सिग्नल त्या ग्राउंडच्या हिशेबाने वाचले जातात. पॉवर बाहेरून दिली की तो करंट लांब काळ्या वायरीतून जातच नाही. डेटाच्या चुका कमी होण्याचं अर्धं श्रेय या गोष्टीला.

साधेपणाने करायचं तर एक्स्टेंशनची लाल वायर कापून डिस्ककडच्या बाजूला अडॅप्टरचे ५ व्होल्ट जोडायचे, ग्राउंड एकत्र करायचे, झालं. हे चालतं, पण अर्धवट आहे. लॅपटॉप बंद असताना डिस्क चालू राहते, आणि तिच्या डेटा लाइनमधून ३.३ व्होल्टचा पुल-अप ("मी जोडलेलं आहे" हे कळवणारं व्होल्टेज) बंद लॅपटॉपच्या पोर्टमध्ये शिरत राहतो. पोर्टवर व्होल्टेज नसताना उपकरणाने तो पुल-अप द्यायचा नसतो, असा नियमच आहे. काही लॅपटॉप यामुळे चालू होताना अडखळतात. लाल वायर न कापता वरून अडॅप्टर जोडणं तर पूर्णच चूक: दोन सप्लायपैकी ज्याचं व्होल्टेज किंचित जास्त, तो दुसऱ्यात करंट ढकलतो, आणि ५.२ व्होल्टचा अडॅप्टर लॅपटॉपच्या पोर्टमध्ये उलटा करंट घालतो.

म्हणून मध्ये एक स्विच हवा, जो लॅपटॉपच्या ५ व्होल्टवर चालू-बंद होईल. त्यासाठी एक पी-चॅनल मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने सोर्स आणि ड्रेन या पायांमधला रस्ता उघडणारा-बंद करणारा भाग) आणि एक साधा ट्रान्झिस्टर पुरतो.

सामान असं: एओ ३४०१ मॉस्फेट आणि तो बसवायला एसओटी-२३ ची (हे त्या चिपच्या मापाचं नाव) छोटी अडॅप्टर पट्टी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १० किलोओहमचे दोन, ४७ किलोओहमचा एक आणि १०० किलोओहमचा एक रेझिस्टर (पाव वॅट चालतील), १ मायक्रोफॅरड आणि १० मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर, ४७० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) इलेक्ट्रोलिटिक, २ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, एसएमबीजे ५.०ए हा टीव्हीएस डायोड (व्होल्टेज फार वाढलं तर ते ग्राउंडला वळवणारा), झीरो पीसीबीचा तुकडा, २२ गेजची वायर, आणि ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर. शिवाय तपासणीसाठी ४.७ ओहम १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर, तो विसरू नका. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं. मॉस्फेट मात्र नावाने मागा. "पी-चॅनल द्या" म्हटलं तर हातात आयआरएफ ९५४० पडतो. तो मोठा दिसतो, पण गेटवर दहा व्होल्ट मिळाल्याशिवाय तो पुरता उघडत नाही. आपल्याकडे पाचच आहेत. मग तो अर्धवट उघडा राहून तापतो आणि डिस्कला व्होल्टेज पोहोचत नाही.

जोडणी: अडॅप्टरचा प्लस आधी फ्यूजमधून न्या. फ्यूजनंतर लगेच टीव्हीएस डायोड प्लस आणि ग्राउंडमध्ये, पट्टीची बाजू प्लसकडे. तिथेच ४७० मायक्रोफॅरड. मग मॉस्फेटचा सोर्स. ड्रेनमधून डिस्ककडच्या सॉकेटचा प्लस, आणि तिथे १० मायक्रोफॅरड ग्राउंडला. गेट आणि सोर्समध्ये १०० किलोओहम, त्याला समांतर १ मायक्रोफॅरड. गेटपासून १० किलोओहममधून बीसी ५४७ चा कलेक्टर. एमिटर ग्राउंडला. बेसला १० किलोओहममधून लॅपटॉपकडची लाल वायर, आणि बेस ते एमिटर ४७ किलोओहम, म्हणजे लॅपटॉपचा प्लग काढलेला असताना बेस हवेत लटकत नाही.

लॅपटॉपकडून ५ व्होल्ट आले की ट्रान्झिस्टर गेटला खाली ओढतो. गेट-सोर्समध्ये साधारण साडेचार व्होल्ट पडतात आणि एओ ३४०१ चांगला उघडतो. १ अँपिअरला त्याच्यात शंभर मिलिव्होल्टही जात नाहीत. लॅपटॉपमधून ओढला जातो तो फक्त बेसचा करंट, अर्धा मिलिअँपिअरसुद्धा नाही. गेटवरचा १ मायक्रोफॅरड मॉस्फेटला हळू उघडायला लावतो, नाहीतर जोडल्या क्षणी करंटची उडी बसते. मोठा कपॅसिटर मॉस्फेटच्या अलीकडे ठेवलाय तो याचसाठी. पलीकडे ठेवला असता तर प्रत्येक वेळी तोच रिकामा कपॅसिटर भरायला मॉस्फेटला झटका बसला असता.

मॉस्फेटचे पाय: चिप अशी धरा की एकटा पाय वर आणि दोन पाय खाली. वरचा ड्रेन, खालचा डावा गेट, खालचा उजवा सोर्स. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

केबल कापताना हात आवरा. डिस्ककडच्या टोकापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर बाहेरचं प्लास्टिक तीन सेंटिमीटर लांबीत उभं चिरा. आतली जाळी आणि फॉइल बाजूला करा. हिरवी आणि पांढरी ही डेटाची पिळलेली जोडी आहे. तिला हात लावू नका, पीळ सोडवू नका, कापून पुन्हा जोडणं तर नकोच. ४८० मेगाबिटचा सिग्नल त्या पिळावर चालतो. फक्त लाल वायर कापायची. तिचं लॅपटॉपकडचं टोक बेसच्या रेझिस्टरला, डिस्ककडचं टोक ड्रेनला. काळी वायर न तोडता तिची थोडी साल काढून तिथे सर्किटचा ग्राउंड जोडा. रंगांवर मात्र विसंबू नका. स्वस्त केबलमध्ये लाल वायर ग्राउंड निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत. आधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून बघा: ए-प्लगची धातूची संपर्कपट्टी असलेली बाजू वर, प्लगचं तोंड आपल्याकडे. चार पट्ट्यांपैकी दोन्ही कडेच्या पट्ट्या पॉवरच्या, मधल्या दोन डेटाच्या. कडेच्या दोघींपैकी प्लस कोणती, हे केबल लॅपटॉपला लावून दुसऱ्या टोकाला व्होल्टेज मोजून ठरवा. दोन मिनिटांचं काम आहे, डिस्क वाचवतं.

डिस्ककडच्या बाजूला उरलेली पंधरा सेंटिमीटर पातळ वायर चालते का? रोध ०.०६ ओहम, १ अँपिअरला ६० मिलिव्होल्ट. चालते. अर्ध्या मीटरवर सर्किट बसवलं तर तीच घट दोनशेच्या पुढे जाईल, म्हणून टोकाजवळच. अडॅप्टरपासून सर्किटपर्यंतची वायर २२ गेजची आणि अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. तो हिशेब अनेकजण विसरतात: लॅपटॉपची तीन मीटर बारीक केबल टाळायची आणि अडॅप्टरची दोन मीटर बारीक केबल लावायची, असा प्रकार होतो.

अडॅप्टरबद्दल थोडं कडक राहा. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी खूण असलेला घ्या. "२ अँपिअर" छापलेले कित्येक अडॅप्टर १ अँपिअरलाच ४.६ व्होल्टवर येतात. म्हणून सर्किट जोडण्याआधी अडॅप्टरला तो ४.७ ओहमचा सिमेंट रेझिस्टर लावा आणि मोजा. ५ व्होल्टला तो १.०६ अँपिअर घेतो. ४.९ च्या खाली आला तर अडॅप्टर परत करा. रेझिस्टर पाच वॅटहून जास्त उष्णता टाकतो, तो टेबलावर नको, टाइलवर ठेवा, दहा-पंधरा सेकंदांत रीडिंग घेऊन काढा.

गोल डीसी पिनवाला अडॅप्टर असेल तर सर्किटच्या पेटीवर जॅक बसवू नका, वायर थेट सोल्डर करा. घरातल्या वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर त्याच मापाच्या पिनचा असतो. एक दिवस कुणीतरी तो खुपसणारच. टीव्हीएस डायोड आणि फ्यूज त्या दिवसासाठी आहेत, पण तो डायोड मोठ्या करंटला नऊ व्होल्टपर्यंत जाऊ देतो, तेवढ्याने डिस्क वाचेलच असं नाही. जॅक नसणं हे खरं संरक्षण. फोनचा टाइप-सी चार्जर वापरायचा असेल आणि टाइप-सी सॉकेट पेटीवर लावणार असाल, तर सीसी-१ आणि सीसी-२ या दोन्ही पिनांपासून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर हवा. त्याशिवाय चार्जर व्होल्टेजच देत नाही. दोन्ही पिना जोडून एकच रेझिस्टर लावण्याची काटकसर करू नका. २०१९ च्या पहिल्या रास्पबेरी पाय ४ मध्ये नेमकं तेच झालं होतं, आणि चिप असलेल्या काही टाइप-सी केबलींवर तो बोर्ड चालूच होत नव्हता.

आता तपासणी, डिस्क लांब ठेवून. अडॅप्टर चालू, लॅपटॉपचा प्लग काढलेला: डिस्कच्या सॉकेटवर शून्य दिसलं पाहिजे. साडेचारच्या आसपास दिसलं तर मॉस्फेटचे ड्रेन-सोर्स उलटे लागलेत आणि आतल्या डायोडमधून करंट गळतोय. पूर्ण पाच दिसले तर गेट ग्राउंडला शॉर्ट आहे किंवा ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झालाय. याच अवस्थेत लॅपटॉपच्या मोकळ्या प्लगवर, कडेच्या दोन पट्ट्यांमध्ये मोजा. तिथेही शून्य हवं. काही व्होल्टेज दिसलं तर लाल वायर पूर्ण तुटलेली नाही, पुढे जाऊ नका. मग प्लग लॅपटॉपला लावा: सॉकेटवर अडॅप्टरचं व्होल्टेज आलं पाहिजे. सिमेंट रेझिस्टर लावून ४.७५ च्या खाली जात नाही ना बघा. शेवटी, ज्यात काहीच नाही असा जुना पेनड्राइव्ह लावा, एक-दोन जीबीची फाइल कॉपी करा आणि परत वाचून बघा. मगच डिस्क. आणि तिच्यात लग्नाचे फोटो असतील तर त्यांची दुसरी प्रत झाल्यावर.

पेनड्राइव्ह लागला नाही तर दोष बहुधा दोनपैकी एक. उपकरणाचा दिवा लागतो पण लॅपटॉपला काहीच कळत नाही: ग्राउंड जुळलेला नाही, किंवा डेटाची एखादी वायर चिरताना तुटली. "डिव्हाइस ओळखता आलं नाही" असा संदेश येतो: डेटाची जोडी मोकळी झालीय किंवा जाळी तुटून लोंबतेय. कॉपी सुरू होऊन मध्येच तुटते, तर पुन्हा व्होल्टेज बघा, आणि साध्या मल्टिमीटरपेक्षा मिन-होल्ड (सर्वांत कमी रीडिंग धरून ठेवण्याची सोय) असलेला वापरा. साधा मीटर सरासरी दाखवतो, क्षणभराचा खड्डा त्यात दिसत नाही.

यूएसबी ३.० च्या निळ्या केबलवर हा प्रयोग करू नका. तिच्यात डेटाच्या आणखी दोन जोड्या असतात, वेगळ्या आवरणाच्या, आणि केबल चिरताना त्यांचं आवरण हललं तरी वेग कोसळतो. ३.० चा वेग हवा असेल तर अडॅप्टरवाला हब घ्या. खरं तर फक्त काम व्हायला हवं असेल आणि बनवण्याची हौस नसेल तर २.० साठीही हबच घ्या. मात्र घेतल्यावर अडॅप्टर लावून, लॅपटॉपचा प्लग काढून, त्या प्लगवर व्होल्टेज मोजा. स्वस्त हबमध्ये उलटा करंट अडवणारं काहीच नसतं, आणि "पॉवर्ड" हा शब्द फक्त खोक्यावर असतो.

इथवर आलो की एक नवा दोष तयार होतो, आणि तुमचा दुसरा प्रश्न तिथेच लागतो. आधी लाइट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालायचा आणि त्याच्याबरोबर डिस्कही. आता डिस्क अडॅप्टरवर आहे. लाइट गेली की लिहिता लिहिता डिस्क मरणार. ४७० मायक्रोफॅरड यात काही करू शकत नाही: अर्ध्या अँपिअरला अर्धा व्होल्ट घसरायला त्याला अर्धा मिलिसेकंदच लागतो. घरात इन्व्हर्टर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर अडॅप्टरच्या जागी बॅटरी, आणि इथे बूस्ट मॉड्यूलचं काम आहे.

एक १८६५० सेल (गोल नळीसारखा लिथियम सेल), टीपी ४०५६ चं संरक्षण असलेलं चार्जिंग मॉड्यूल, आणि एमटी ३६०८. सेल "बी-प्लस" आणि "बी-मायनस"ला, बूस्टचं इनपुट "आउट-प्लस" आणि "आउट-मायनस"ला. बूस्ट थेट सेलवर लावला तर संरक्षणाला वळसा पडतो, आणि एमटी ३६०८ सेलला दोन व्होल्टपर्यंत पिळत राहतो. लिथियम सेल तेवढा खाली गेला की कामातून गेला. ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले सेल घेऊ नका. या मापाचा चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो, आणि त्याचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर नकली सेल लगेच कळतो. २५०० चा खरा सेल म्हणजे ९ वॅट-तास, बूस्टचं नुकसान वजा जाता आठाला थोडे कमी. अडीच वॅटच्या डिस्कला तीन तास.

सेल ३.२ व्होल्टवर आलेला असताना १ अँपिअर द्यायचा तर सेलमधून पावणेदोन अँपिअर निघतात. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी इथे चालत नाहीत. सगळं २० गेजने, सोल्डर करून. बूस्टच्या आउटपुटला आणखी एक ४७० मायक्रोफॅरड लो-ईएसआर लावा. पहिल्यांदा सेल जोडल्यावर आउटपुट शून्य आलं तर घाबरू नका. संरक्षणाची चिप कधीकधी तशीच बसून राहते, क्षणभर चार्जर लावला की उघडते.

या मॉड्यूलमधली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे त्याचा निळा प्रीसेट (स्क्रू फिरवून रोध बदलता येणारा भाग). बहुतेक मॉड्यूलवर तो १०० किलोओहमचा असतो आणि त्याच्या खाली २.२ किलोओहमचा रेझिस्टर. चिप त्या दोघांच्या मधल्या बिंदूवर ०.६ व्होल्ट राखते. प्रीसेट पूर्ण वर असेल तर आउटपुट २८ व्होल्ट. ५ व्होल्टसाठी त्यातले जेमतेम १६ किलोओहम लागतात, म्हणजे सगळा खेळ प्रीसेटच्या एका टोकाच्या चिंचोळ्या पट्टीत. आणखी वाईट म्हणजे प्रीसेटचा आतला संपर्क धुळीने किंवा धक्क्याने सुटला, तर चिपला वाटतं आउटपुट शून्य आहे, आणि ती व्होल्टेज वर, आणखी वर ढकलते. डिस्क तत्क्षणी जाते. म्हणून प्रीसेट काढून टाका. त्याच्या जागी १५ किलोओहम आणि १.५ किलोओहम, एक टक्कावाले, एकापुढे एक. ०.६ गुणिले (१ अधिक १६.५ भागिले २.२), बरोबर ५.१ व्होल्ट. ५.१ हा आकडा मुद्दाम: ५.२५ च्या आत राहतो आणि पुढच्या तारांमधल्या घटीला जागा देतो. केबलमधली घट भरून काढायला ५.५ किंवा ५.६ लावणारे असतात. डिस्क झोपली की करंट शून्याजवळ येतो, घटही शून्य, आणि ते सगळं व्होल्टेज सरळ डिस्कवर. रेझिस्टर लावण्याआधी मॉड्यूलवरचा तो २.२ मीटरने मोजून खात्री करा. वेगळा निघाला तर याच सूत्राने वरचा ठरवा.

एमटी ३६०८ च्या आउटपुटला शॉर्ट झाला तर ते काहीच अडवत नाही, कारण कॉइल आणि डायोडमधून इनपुट-आउटपुट सरळ जोडलेलेच असतात. आपल्या सर्किटमधला फ्यूज आणि टीपी ४०५६ वरचं संरक्षण, दोन्ही तिथे लागतात. बंद करायचं तेव्हाही स्विच बूस्टच्या इनपुटला लावा, आउटपुटला लावून बूस्ट रिकामा फिरत ठेवला तर सेल हळूहळू उतरतो.

टीपी ४०५६ एकीकडे चार्ज करतंय आणि दुसरीकडे डिस्क चालतेय, असं दोन्ही एकदम ठेवू नका. चार्ज पूर्ण झाला हे ते करंट दहाव्या हिश्श्यावर उतरला की ओळखतं. डिस्क करंट ओढत राहिली की तो क्षण येतच नाही आणि सेल तासन्‌तास ४.२ व्होल्टवर ताणलेला राहतो. घरात पॉवर बँक पडून असेल तर ती अडॅप्टरच्या जागी लावून बघायला हरकत नाही. फक्त डिस्क झोपल्यावर करंट पडतो आणि बऱ्याच पॉवर बँका ते "फोन काढला" असं समजून बंद होतात. डिस्कला झोपू न देण्याची सेटिंग करून पाहा.

अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही पेटीत ठेवायची असतील तर दोघांमध्ये ३ अँपिअरचा तीन टोकांचा स्विच लावा, एका वेळी एकच जोडेल असा. डायोड लावून दोन्ही जोडले तर शॉट्की डायोडमध्ये १ अँपिअरला ०.४ व्होल्टच्या आसपास जातात, आणि ज्या घटीशी आपण भांडतोय तीच परत येते. स्विच फिरवताना डिस्क क्षणभर बंद पडते, त्यामुळे आधी ती लॅपटॉपमधून "इजेक्ट" करा, प्लेट थांबल्याचा आवाज ऐका, मग फिरवा.